सांध्याभोवतीची रेघ

शाळेच्या सायकलस्टँडवर अजूनही एखादी जुनी काळी सायकल सापडते. शिपाईमामांची असेल, नाही तर दूध घालून परत निघालेल्या कुणाची. हँडलच्या खाली, जिथे आडवी दांडी पुढच्या आखूड नळीला मिळते, तिथे नीट पाहा. दांडी थेट नळीला चिकटवलेली नसते. दोन्ही नळ्यांवर एक जाडसर टोपण बसवलेले असते आणि त्याची कड बाणाच्या टोकासारखी निमुळती होत नळीवर संपते. या टोपणाला सायकलवाले 'लग' म्हणतात. काही जुन्या सायकलींवर या लगच्या कडेकडेने एक बारीक रेघ ओढलेली असते, सोनेरी, पिवळी किंवा लाल. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. ही रेघ छापलेली नसते, चिकटवलेलीही नसते. ती कुंचल्याने, हाताने ओढलेली असते.

कोणताही टेकू न घेता आपण कागदावर एक फूटभर सरळ रेघ ओढू लागलो, तर ती कशी येते हे शिक्षकांना फळ्यामुळे चांगलेच ठाऊक असते. मग गोल नळीवर, वाकड्या कडेने, ओल्या रंगाने, तीही एका दमात ओढलेली रेघ इतकी स्वच्छ कशी येते? या लेखात त्याचाच शोध घ्यायचा आहे. त्यात थोडे धातुशास्त्र येईल, थोडी भूमिती येईल आणि शेवटी शिशाचीही गोष्ट येईल. ती मुलांच्या तब्येतीची असल्याने टाळता येणार नाही.

आधी लगबद्दल. १८८५ साली इंग्लंडमधील कव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल बनवली. सारख्या आकाराची दोन चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक, ही आपल्या ओळखीची सायकल तिथून रुळली. तिच्या सांगाड्याला पातळ पोलादी नळ्या लागतात. पोलाद वितळते सुमारे १५०० अंश सेल्सिअसला. पातळ नळी तितकी तापवली तर ती जळते, वाकते, तिची ताकद जाते. म्हणून नळ्या वितळवून जोडण्याऐवजी त्या लगमध्ये घालून पितळेने झाळायच्या, असा मार्ग निघाला. झाळायचे पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळते. सांध्यावर टाकणखार टाकून तापवले की टाकणखार वितळून लोखंडावरचा ऑक्साइडचा थर विरघळवतो, आणि स्वच्छ झालेल्या पोलादावर पितळ पाण्यासारखे पसरते. लग आणि नळी यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी फट ठेवलेली असते. त्या फटीत पितळ केशाकर्षणाने आपोआप ओढले जाते, अगदी वरच्या दिशेलाही. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसेच.

लगची कड निमुळती का? ती नुसती शोभा नाही. जाड लग एकदम संपून पातळ नळी सुरू झाली, तर सायकल खड्ड्यात आदळताना सगळा ताण त्या एका ओळीवर एकवटतो आणि नळी तिथेच चिरते. कड टोकदार केली की जाडी हळूहळू कमी होते आणि ताण पसरतो. पुढे काही कारागिरांनी या गरजेतून नक्षी काढली. लंडनच्या हेचिन्स या छोट्या कारखान्याने १९३० च्या दशकापासून वेलबुट्टीसारखे कापलेले लग बनवले. अशा लगवर कडेची रेघ ओढली की नक्षी उठून दिसायची. आपल्याकडच्या काळ्या सायकलींवर रेघा बहुधा मडगार्डवर, चेनकव्हरवर आणि नळ्यांवर असत. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, आसनसोलला सेन-रॅलेचा. पुढे १९८० च्या कायद्याने या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. मद्रासची टी. आय. सायकल्स, सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हीरो ही नावेही घराघरांत पोचली होती. त्यांपैकी ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला.

रेघेची रीत मात्र सायकलीपेक्षा जुनी आहे. ती घोडागाडीवरून आली. बग्गी रंगवणारे कारागीर चाकांच्या आऱ्यांवर आणि पेटाऱ्याच्या कडांवर रेघा ओढत, तीच सवय सायकलीवर, मग मोटारीवर उतरली. बारामती-इंदापूरच्या बाजूला हे वेगळे सांगायला नको. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांच्या साट्यावर आणि जुवावर पेंटरने ओढलेले पट्टे पाहतच इथली मुले वाढली. बुलेट मोटारसायकलच्या टाकीवरच्या सोनेरी रेघाही चेन्नईच्या कारखान्यात हातानेच ओढल्या जात आल्या आहेत. गंमत म्हणजे एनफिल्ड हे नाव इंग्लंडमध्ये आधी सायकलींवर होते, मोटारसायकल नंतर आली.

आता मूळ प्रश्न. हात थरथरतो, तरी रेघ का थरथरत नाही?

निरोगी माणसाचा हातही पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा तो अगदी बारीक हलत असतो. स्नायूंच्या कामाचाच तो भाग आहे. दुसरीकडे आपला डोळा फार चिकित्सक असतो. दोन जवळजवळच्या रेघा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यातील अंतर डोळ्याशी सुमारे एक मिनिटाचा (एका अंशाचा साठावा भाग) कोन करावे लागते. पण एखादी रेघ मध्येच किंचित सरकली असेल तर ती खोट डोळा याच्या सहाव्या हिश्शाइतक्या, म्हणजे सुमारे दहा सेकंदांच्या कोनातही पकडू शकतो. नेत्रपटलावरच्या दोन शंकुपेशींमधले अंतरसुद्धा याहून जास्त असते. मेंदू एका पेशीवर न विसंबता रेघेवरच्या पुष्कळ पेशींचा हिशेब एकत्र करतो, म्हणून हे जमते. व्हर्नियर कॅलिपरवर आपण दोन खुणा जुळवतो ते याच क्षमतेच्या जोरावर.

हे वर्गात सहज करून पाहता येते. एका कागदावर दोन जाड उभ्या रेघा एक मिलिमीटर फट ठेवून शेजारी शेजारी काढा. दुसऱ्या कागदावर एक उभी रेघ काढा, पण तिचा खालचा अर्धा भाग वरच्या भागापेक्षा एक मिलिमीटर बाजूला सरकवा. दोन्ही कागद उन्हातल्या भिंतीवर लावा आणि मुलांना मागे मागे जायला सांगा. हिशेबाने फट साडेतीन मीटरच्या आसपास दिसेनाशी व्हावी. सरकलेली रेघ मात्र दहा मीटरवरून, काहींना त्याहूनही लांबून कळेल. खालचा भाग डावीकडे की उजवीकडे हे आधी न सांगता विचारा, म्हणजे अंदाजपंचे उत्तरे चालणार नाहीत. ज्यांना फारच जवळ यावे लागेल त्यांच्या पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगा. तो या प्रयोगाचा वरचा फायदा.

तेव्हा अर्ध्या मीटरवरून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना रेघेतली ०.०२४ मिलिमीटरची थरथरही जाणवू शकते. पेंटरचा हात याच्या कितीतरी पट हलतो. करंगळी नळीवर टेकवून तो हाताला आधार देतो, पण तेवढ्याने भागत नाही. उरलेले काम कुंचला करतो.

रेघेचा कुंचला नेहमीच्या कुंचल्यासारखा नसतो. त्याचे केस फार मऊ असतात, बहुधा खारीच्या शेपटीचे, आणि लांब असतात. कधी कधी तीन-चार सेंटिमीटर. पेंटर टोक टेकवून लिहिल्यासारखे करत नाही. तो केस पृष्ठभागावर आडवे पाडतो आणि कुंचला स्वतःकडे ओढतो. म्हणजे रेघ उमटवणारे टोक हाताच्या मागे फरफटत येते. यातच सगळी मेख आहे.

उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आपण रोज पाहतो. खड्डा चुकवायला ड्रायव्हरने ट्रॅक्टर झटकन डावीकडे घेऊन परत उजवीकडे आणला, तर पहिली ट्रॉली थोडीशीच हलते आणि मागची जवळजवळ सरळच येते. ओढली जाणारी वस्तू प्रत्येक क्षणी फक्त ओढणाऱ्याच्या दिशेने सरकते. ती दिशा बदलेपर्यंत ओढणारा परत दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद पेरो यांनी खिशातले घड्याळ साखळीने टेबलावर ओढून दाखवले आणि ते कोणत्या वक्ररेषेवरून जाते असा प्रश्न गणितज्ञांपुढे टाकला. लायब्नित्स आणि हायगेन्स यांनी त्यावर विचार केला. त्या वक्राला आज ट्रॅक्ट्रिक्स म्हणतात. ट्रॅक्टर शब्दही ओढणे या अर्थाच्या त्याच लॅटिन धातूचा.

शाळेच्या मैदानावर, धुळीत हा प्रयोग छान होतो. एक वीट दोरीला बांधा. दोरीचे दुसरे टोक काठीच्या तळाला बांधा आणि काठी जमिनीलगत धरून चाला. जमिनीवर फक्कीने आधीच एक नागमोडी रेघ आखून ठेवा: चार मीटरला एक पूर्ण वळण, आणि मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला २५ सेंटिमीटर. काठी या रेघेवरून न्यायची. दोरी ३० सेंटिमीटरची असेल तर विटेचा माग काठीसारखाच नागमोडी येईल, गणिताने प्रत्येक बाजूला सुमारे २२ सेंटिमीटर. दोरी तीन मीटरची करा. आता माग जवळजवळ सरळ होईल, बाजूची लचक सुमारे ५ सेंटिमीटर. उच्च माध्यमिकच्या शिक्षकांसाठी सूत्र असे: दोरीची लांबी भागिले एका वळणाचे अंतर, याला दोन पायने गुणा. त्या संख्येचा वर्ग करून त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा. तेवढ्या पटीने लचक कमी होते. लचक वळणाच्या मानाने लहान असेल तोवर हे सूत्र चांगले चालते.

आता हेच कुंचल्याला लावू. हात सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने चालला आहे आणि सेकंदाला दहा वेळा थरथरतो आहे. म्हणजे दर सेंटिमीटरला एक थरथर. केस तीन सेंटिमीटर मागे लोळत असतील तर थरथर सुमारे १९ पटींनी कमी होते. हात अर्धा मिलिमीटर हलला, तर टोक ०.०२६ मिलिमीटर हलेल. डोळ्याची मर्यादा आपण ०.०२४ काढली होती! आकडे इतके जवळ येणे हा थोडा योगायोग आहे, कारण केस म्हणजे काही दोरी नव्हे. त्यांना स्वतःचा ताठपणा असतो. पण मान बरोबर आहे. अर्धा सेंटिमीटर केसांच्या साध्या कुंचल्याने हीच थरथर जेमतेम सव्वातीन पटींनी कमी होते आणि रेघ लगेच कच्ची दिसते.

मग लांब केसांचा कुंचला घेतला की लगची रेघही ओढता आली, असे वाटेल. इथेच खरी अडचण सुरू होते. थरथर गिळणारा कुंचला वळणही गिळतो. त्याच मैदानावर दोन मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखा आणि एक मीटर दोरीने वीट फिरवा. काही फेऱ्यांनंतर विटेचे वर्तुळ लहान, सुमारे १.७ मीटर त्रिज्येचे होईल. पायथागोरसने ते लगेच काढता येते, कारण दोरी विटेच्या वर्तुळाला स्पर्शिका असते. आता वर्तुळही एक मीटरचे करा. वीट आत सरकत सरकत थेट मध्याकडे जाईल. दोरी त्रिज्येहून लांब असेल तर विटेला हाताबरोबर वर्तुळ धरताच येत नाही. लगच्या कडेचे बाक एखाद्या सेंटिमीटर त्रिज्येचे असते, टोकापाशी तर त्याहून लहान. तीन सेंटिमीटर केसांचे टोक तिथे कड सोडून आत कापत जाणार.

म्हणून मडगार्डवर सफाईने रेघ ओढणारा पेंटरही लगवर अडखळू शकतो. यावर कारागिरांनी काढलेले उपाय भूमिती न शिकता काढलेले आहेत, पण पक्के आहेत. लगसाठी आखूड केसांचा बारीक कुंचला घ्यायचा. वळण आले की कुंचला उभा करायचा, म्हणजे लोळणाऱ्या केसांची लांबी, आपल्या भाषेत दोरी, तेवढ्यापुरती कमी होते. त्याच वेळी दांडा चिमटीत फिरवायचा. आणि बाणासारख्या टोकावर वळायचेच नाही! एका बाजूने रेघ टोकापर्यंत आणायची, उचलायची, मग दुसऱ्या बाजूने दुसरी रेघ आणून तिथेच मिळवायची. लगची उंचवटलेली कड केसांना रुळासारखी वाट देते, ती मदत वेगळीच. जुन्या सायकलीवर भिंगातून पाहिले तर टोकाशी दोन रेघा मिळाल्याची खूण पुष्कळदा सापडते. स्टिकरवर ती सापडत नाही.

हात इतका हळू का नेत नाही, म्हणजे सावकाश नीट येईल, असे मुले हमखास विचारतात. उत्तर रंगात आहे. कुंचल्यातून रंग सतत पाझरत असतो. हात मंदावला की तिथे रंग जास्त उतरतो आणि रेघ फुगते. वेग सारखा ठेवायचा तर थोडा जोर धरावा लागतो. रंगाचा घट्टपणा, ज्याला पाठ्यपुस्तकात विष्यंदिता म्हणतात, तोही नेमका लागतो. गुऱ्हाळावरची ताजी, गरम काकवी बोटावरून पळते, थंड झालेली तारेसारखी ओढत राहते. रेघेचा रंग या दोहोंच्या मध्ये हवा. फार पातळ असला तर उभ्या नळीवर ओघळतो. फार घट्ट असला तर केसांचे ओरखडे तसेच राहतात, कारण पृष्ठताण ते ओरखडे सपाट करण्याआधीच रंग आळतो. पेंटर काचेच्या तुकड्यावर कुंचला दोन-तीनदा घोळवून पाहतो, तेव्हा तो विष्यंदितामापकाचेच काम करत असतो.

आणखी एक अट म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ हवा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर रंग तिथे पसरत नाही, फाटतो. काचेच्या पट्टीवर तेलाचा हात फिरवून पाणी सोडले की हे दिसते.

रंग वाळणे म्हणजे सुकणे, असा एक समज आहे. ओला कपडा वाळतो तसा जवसाच्या तेलाचा रंग वाळत नाही. टर्पेंटाइन उडून जाते हे खरे, पण मागे राहिलेले तेल हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि जाळे तयार होते. यात तेलाचे वजन घटत नाही, उलट वाढते. ही क्रिया उष्णता देते, म्हणून जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. सोनेरी रंगात मात्र बहुधा सोने नसते, तांबे-जस्ताची पूड असते. तिच्या चपट्या कणांना स्टिअरिक आम्लाचा लेप असतो, त्यामुळे ते ओल्या वार्निशमध्ये वर येऊन आडवे पडतात, आणि रेघ आरशासारखी चमकते. वर वार्निशचा हात नसला तर काही वर्षांत तांबे काळवंडते. खऱ्या सोन्याचा वर्ख, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, तसाच राहतो.

आता शिशाबद्दल. आजोबांची सायकल पुन्हा नवी करायची हौस अलीकडे वाढली आहे. ही हौस चांगलीच आहे. पण तिची सुरुवात होते ती काचकागदाने जुना रंग घासण्याने, आणि ते काम बहुधा घरातल्या मुलांकडे येते. जुन्या पिवळ्या रंगात सर्रास क्रोम यलो, म्हणजे शिशाचे क्रोमेट असे. खालचा तांबूस गंजरोधक थर पुष्कळदा शेंदराचा, तोही शिशाचाच ऑक्साइड. कोरडे घासले की शिशाची धूळ हवेत, हातावर आणि तिथून पोटात जाते. मुलांसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि ती हानी भरून येत नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० भाग प्रति दशलक्षहून जास्त शिसे नको, हा आपल्याकडचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्याची, आणि कारखान्यांसाठीच्या रंगांची, खात्री यावरून मिळत नाही.

तेव्हा शाळेत सायकलीचा प्रकल्प करायचा असेल तर जुना रंग मुलांनी काढू नये. मोठ्या माणसाने काढताना पाणी लावून, वॉटरपेपरने, मास्क लावून घासावा. तो गाळ कागदात गुंडाळून वेगळा ठेवावा, अंगणात किंवा ओढ्यात धुऊ नये. रंग ज्योतीने जाळणे तर अजिबात नको, वाफ धुळीहून वाईट. आणि जिथे रंग पक्का आहे तिथे तो काढायचाच कशाला? गंज नसलेल्या लगवर ओल्या फडक्याने पुसून वार्निशचा एक हात दिला तरी पुरते. तसा गंज धरतो तो बहुतेक कडेला. ओल्या रंगाचा पृष्ठताण त्याला धारदार कडेवरून मागे खेचतो, त्यामुळे तिथे थर पातळ राहतो आणि पाणी आधी तिथेच शिरते. कडेवर ओढलेली रेघ त्या पातळ थरावर आणखी एक थर देते. रेघेचा तो हेतू होता असे नाही, पण उपयोग झाला.

मुलांनी करण्यासारखे काम दुसरे आहे. सायकलीला हात लावण्याआधी लगवर बटरपेपर धरून पेन्सिलीने कडेचा आणि रेघेचा माग उतरवून घ्यावा, जाडी व्हर्नियरने मोजावी, दोन रेघा मिळतात ती जागा खुणेने दाखवावी, आणि फोटोशेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. रंगानंतर रेघ गेली तरी हा कागद पेंटरला दाखवता येतो. पुण्याला सहल जाणार असेल तर कर्वेनगरातले विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय जरूर पाहावे, आणि मुलांना भिंग बरोबर घ्यायला सांगावे. सायकलींच्या गर्दीत ती सीट आणि दिवे पाहत सुटतात. त्यांना लगपाशी थांबवून, टोकाशी रेघ वळली आहे की दोन रेघा मिळाल्या आहेत, एवढेच शोधायला सांगावे.